जगन्नाथराव भोसले
जगन्नाथराव कृष्णराव भोसले (१९०६–१९६३) हे आझाद हिंद सेनेतील मराठी सेनानी व पुढे केंद्रीय उपमंत्री होते. मूळचे सावंतवाडी संस्थानातील भोसले यांचे लष्करी शिक्षण देहरादून व सँडहर्स्ट येथे झाले.

१५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडले आणि ब्रिटिशांच्या हिंदी सैन्यातील भोसले जपानचे युद्धकैदी झाले. दोन दिवसांनी फॅरर पार्क मैदानावर हिंदी सैनिकांना गोऱ्या अधिकाऱ्यांपासून वेगळे करून जपानच्या स्वाधीन करण्यात आले. त्यांची संख्या सुमारे ४५,००० होती. तेथेच कॅप्टन मोहनसिंग यांनी त्यांना इंग्रजांविरुद्ध लढण्याचे आवाहन केले. शपथ मोडावी की कैद सोसावी, हा पेच देशभक्ती विरुद्ध राजनिष्ठा इतका सरळ नव्हता. नकार देणाऱ्यांपैकी हजारोंना जपान्यांनी न्यू गिनी व आसपासच्या बेटांवर वेठीला जुंपले. उपासमार व रोगराईने अनेक दगावले. १९४४ मध्ये ॲडमिरल्टी बेटांवर उतरलेल्या अमेरिकी सैन्याने काही शीख कैद्यांची सुटका केली.

भोसले यांनी आझाद हिंद सेनेचा मार्ग पत्करला. २१ ऑक्टोबर १९४३ रोजी स्थापन झालेल्या आझाद हिंद सरकारात ते सेनेच्या प्रतिनिधींपैकी एक होते. १९५२ मध्ये ते लोकसभेवर निवडून गेले व पुनर्वसन उपमंत्री झाले. निर्वासित मुलांसाठी त्यांनी १९५४ मध्ये राष्ट्रीय शिस्त योजना सुरू केली.