घोडं जगतं ते गंजीवर

आमच्या माण तालुक्यात वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर. त्यामुळे दिवाळी उरकली की मेंढपाळांचे वाडे, म्हणजे मेंढरांसकट फिरणारे तांडे, घाट उतरून कोकणात जायचे आणि मृगाच्या आधी माघारी यायचे, कारण तिथला पाऊस मेंढराला सोसत नाही. या फिरस्तीचा सगळा भार घोड्यांवर. भांडीकुंडी, मेंढरं कोंडायच्या वाघरी, घोंगड्या, पाय बांधलेल्या कोंबड्या, काल-परवा जन्मलेली कोकरं आणि चालून दमलेलं एखादं पोर, सगळं त्यांच्याच पाठीवर. माझे आजोबा, बापू, मेंढरं रोज मोजायचे. पण जुन्या गोष्टी सांगायला बसले की निघायची ती घोडीच.

बापू म्हणायचे, "घोडं पावसानं मरत न्हाई, माणसाच्या अंदाजानं मरतं." रोहिणी निघाल्या की ते कडब्याच्या गंजीभोवती फेरी मारून पेंढ्यांचा हिशेब करायचे. श्रावणात किती उरतील, बैलाला किती, घोडीला किती, सगळं तोंडी. गंजी घरापासून लांब, वाऱ्याची दिशा बघून रचलेली.

शाळेत असताना शिवाजी महाराजांचं चिपळूणच्या छावणीतल्या लष्कराला लिहिलेलं पत्र मी बापूंना वाचून दाखवलं होतं. राज्याभिषेकाच्या, म्हणजे 1674च्या आगेमागेचं ते पत्र. दाभोळच्या सुभ्यात पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा आणि वैरण आत्ताच उधळलीत तर ऐन पावसात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारल्यासारखं होईल, मग तुम्ही रयतेला छळाल, असा त्याचा आशय. पुढे आगीचा इशारा आहे: रात्री दिवा जळता ठेवाल, उंदीर पेटती वात ओढून नेईल, गवत पेटेल आणि घोड्यांसकट छावणी जाईल. उंदराचं ऐकून बापू जरा थांबले. म्हणाले, "राजानं गंजीपाशी रात काढलेली दिसतीया."

त्याच मराठ्यांच्या फौजा पुढे पानिपतावर अडकल्या. 1760च्या नोव्हेंबरपासून रसद तुटत गेली, उत्तरेच्या थंडीत जनावरं वैरणीवाचून खंगली आणि 14 जानेवारी 1761ला स्वार लढाईला उतरले ते उपाशी घोड्यांवर. भीमा-नीरेच्या खोऱ्यातलं भीमथडी तट्टू काटक खरं, पण काटकपणानं पोट भरत नाही.

हे आमच्या आजीला 1972च्या दुष्काळात कळलं. त्या वर्षी ज्वारी पेरली ती उगवलीच नाही, म्हणजे कडबाही नाही. बापू खडी फोडायला जायचे आणि आजी कोरड्या ओढ्यात खुरपं घेऊन हरळीच्या मुळ्या उपटायची. उपटलेली जुडी ती आधी दगडावर आपटायची, मग पदरात घेऊन झटकायची, मग पुन्हा आपटायची. मुळीबरोबर वाळू पोटात गेली की ती आतड्यात साठते आणि घोड्याला पोटशूळ उठतो. घोड्याला ओकता येत नाही, त्यामुळे पोटात गेलेलं वरच्या वाटेनं परत येत नाही. धुवायला पाणी कुठलं? एका घोड्याला दिवसाला 25-30 लिटर पाणी लागतं. तेवढं घरातल्या सगळ्यांनाही मिळत नव्हतं. तीनपैकी दोन घोडी त्या उन्हाळ्यात विकली. उरलेली एक आजीनं आपटून-झटकून जगवली.

दुष्काळापेक्षा बापूंना भीती अवकाळीची. थंडीतला पाऊस आणि वर वारा असला की घोड्याचे केस अंगाला चिकटतात आणि त्यांच्यातली ऊब जाते. अशा रात्री बापू आधी कानाच्या मुळाशी बोटं घालून बघत. कान गार लागला की कामाला लागायचं. ओलं खोगीर उतरवायचं. तळहाताच्या कडेनं पाणी निपटायचं, मग मूठभर पेंढ्यानं पायापासून वर चोळत यायचं. ओल्या अंगावर झूल घालायची नाही. चंदीचा तोबरा नंतर. आधी रात्रभर कडबा. चिपाडासारखी वैरण आतड्यात आंबते आणि त्या आंबण्यातून घोड्याला आतून ऊब मिळते, हे पशुवैद्यक आज सांगतात. बापू फक्त म्हणायचे, "तोंड हालतंय तवर घोडं गारठत न्हाई."

पुराची त्यांची शिकवण एका गाठीत होती. ओढ्याकाठी मुक्काम पडला तर अगाडी-पिछाडी दोन्ही दोर ओढताच सुटतील असे बांधायचे. मोकळं घोडं पोहून काठ गाठतं. पिछाडीला जखडलेलं खुंट्यापाशीच बुडतं. पूर ओसरला की चिखलातून घोडं बाहेर काढायचं, खूर खरवडून कोरडे करायचे आणि भिजून बुरशी धरलेला कडबा कितीही जिवावर आलं तरी फेकून द्यायचा.

डिसेंबर 2021च्या पहिल्या दोन दिवसांत पुणे-नगर भागात अवकाळी पाऊस कोसळला आणि उघड्या रानात बसलेल्या हजारो मेंढ्या-शेळ्या गारठून मेल्या. ते आकडे बातम्यांत आले. वाड्यावरच्या घोड्यांचं काय झालं, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. चारा छावणी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे गाय-बैल येतात, फार तर मेंढरू. घोडा म्हणजे वरातीतला किंवा शर्यतीतला, अशीच आपली समजूत.

अलीकडेच कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोनं भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. चांगलं झालं. पण जात कागदावर टिकत नाही. टंचाईचा आराखडा करताना मेंढपाळाच्या घोड्याचीही वैरण आणि पाणी त्यात धरा. वाड्यांच्या ठरलेल्या वाटांवर उंचावरच्या निवाऱ्याच्या जागा नेमून द्या. अवकाळीचा इशारा रानातल्या मुक्कामापर्यंत पोचवा. आणि हे सगळं आभाळ मोकळं असताना करा. नंतर पाठवलेली मदत म्हणजे वरातीमागून घोडं; फरक इतकाच की तेव्हा घोडंही उरलेलं नसेल.