वाराटा : एक फूल, दोन नावं आणि १८०९ सालची उचलेगिरी

पीएचडीच्या कोर्सवर्कमध्ये संशोधन आणि प्रकाशन नीतिमत्तेचा दोन क्रेडिटचा पेपर असतो. बहुतेक जण तो 'सॉफ्टवेअरमध्ये टक्केवारी किती आली' एवढ्यापुरताच लक्षात ठेवतात. पण वाङ्मयचौर्य ही कॉपी-पेस्टच्या काळातली गोष्ट नाही. आज एका ऑस्ट्रेलियन झुडपाचा इतिहास बघू. फुलाच्या नावाचं श्रेय कुणाचं, आणि ते फूल बागेत वाढवायचं ज्ञान कुणाचं, हे दोन प्रश्न या इतिहासात एकमेकांत गुंतलेत.

झुडपाचं नाव वाराटा. सिडनीच्या आसपास वाळूच्या दगडावरच्या निकस जमिनीत ते वाढतं, साधारण पुरुषभर उंचीचं किंवा थोडं जास्त. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, म्हणजे तिकडच्या वसंतात, सरळ दांड्यांच्या टोकाला मोठी लाल फुलं येतात. आपण ज्याला एक फूल म्हणतो तो खरं तर शेकडो बारीक फुलांचा गेंद असतो आणि त्याच्याभोवती लाल सहपत्रांची झालर असते. 'वाराटा' हा शब्द सिडनी परिसरातल्या आदिवासी भाषेतला. हा पहिला मुद्दा लक्षात ठेवा: फुलाला नाव आधीपासून होतं.

१७८८ मध्ये ब्रिटिशांनी सिडनीला वसाहत केली. वसाहतीचा मुख्य सर्जन जॉन व्हाइट याने वाळवलेले नमुने आणि रंगीत चित्रं लंडनला पाठवली. त्यांच्या आधारे जेम्स एडवर्ड स्मिथने १७९३ मध्ये या झुडपाचं शास्त्रीय वर्णन छापलं आणि त्याला एम्बोथ्रियम या प्रजातीत टाकलं. स्मिथ स्वतः ऑस्ट्रेलियाला कधी गेला नाही. तरी स्थानिक लोक या फुलांतला गोड रस चोखतात, ही नोंद त्याने केली. म्हणजे माहिती देणारे लोक होते, फक्त त्यांची नावं कागदावर आली नाहीत.

आता मुख्य प्रसंगाकडे येऊ. वाराटा ज्या प्रोटिएसी कुळातला आहे त्या कुळाचं त्या काळी लंडनच्या श्रीमंत बागांमध्ये वेड होतं. जॉर्ज हिबर्ट नावाच्या व्यापाऱ्याने क्लॅपमच्या आपल्या बागेत या कुळाचा मोठा संग्रह केला होता. त्याचा पैसा वेस्ट इंडीजच्या साखरेतून आलेला, आणि संसदेत गुलामांच्या व्यापारावरच्या बंदीला विरोध करणाऱ्यांत तो होता. काचघरातल्या फुलांचा इतिहास लिहिताना हा हिशेब सोडून चालत नाही. याच हिबर्टचा माळी जोसेफ नाइट. या कुळातली झाडं इंग्लंडात यशस्वीपणे वाढवणाऱ्या पहिल्या काही लोकांत तो मोडतो.

दुसरीकडे वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउन ऑस्ट्रेलियात प्रत्यक्ष फिरून, नमुने गोळा करून परतला होता. १८०९ च्या सुरुवातीला लंडनच्या लिनियन सोसायटीत त्याने प्रोटिएसीवरचा आपला निबंध वाचला. वाराटा एम्बोथ्रियममध्ये बसत नाही, त्याची प्रजात वेगळी, असं म्हणून त्याने 'टेलोपिया' हे नाव दिलं. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'दुरून दिसणारा'. निबंध छापून आला १८१० मध्ये.

मधल्या काळात, म्हणजे १८०९ मध्येच, जोसेफ नाइटच्या नावाने एक पुस्तक आलं. शीर्षकानुसार विषय होता प्रोटिएसी कुळातल्या झाडांची लागवड. प्रत्यक्षात लागवडीवर तेरा पानं आणि शंभराहून जास्त पानं वर्गीकरणावर! हा वर्गीकरणाचा भाग लिहिला होता रिचर्ड सॅलिसबरीने, आणि ब्राउनच्या निबंधाच्या वाचनाला सॅलिसबरी श्रोत्यांत हजर होता. मुखपृष्ठावर त्याचं नाव नव्हतं. पुस्तकातली मांडणी मात्र ब्राउनच्या अजून न छापलेल्या मांडणीशी भलतीच जुळत होती. वाराटाला तिथे 'हायलोगिनी' असं नाव दिलं होतं.

समकालीनांनी काय ते ओळखलं. सॅलिसबरीने ऐकलेलं डोक्यात ठेवून आधी छापलं, असा ठपका त्याच्यावर बसला आणि बऱ्याच वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्याची नावं वापरायचंच टाळलं.

इथे घाई करू नका. सॅलिसबरी नुसता उचल्या नव्हता. या कुळावर त्याचं स्वतःचंही काम होतं. 'मिमेटिस' ही प्रजात त्याने १८०७ मध्ये, म्हणजे त्या वाचनाच्या आधी, छापली होती आणि ते नाव आजही वापरात आहे. म्हणून 'सगळं चोरीचं' किंवा 'सगळा गैरसमज' अशी दोन टोकांची वाक्यं लिहू नयेत. कोणती कल्पना कुणी कधी मांडली, ती कधी वाचली गेली, कधी छापली गेली, अशी तारखांची उतरंड लावायची आणि मग बोलायचं.

अडचण अशी की वनस्पतींच्या नामकरणात जे आधी छापलं ते वैध, हा नियम आहे. त्या हिशेबाने हायलोगिनीच जिंकायला हवं होतं. पुढे आंतरराष्ट्रीय नियमावलीत अपवाद म्हणून काही नावं 'संरक्षित' करण्याची सोय झाली आणि त्यात टेलोपिया राखलं गेलं. वाराटाचं आजचं नाव 'टेलोपिया स्पेसिओसिसिमा' आहे ते असं. आणखी एक उदाहरण तुमच्या कॅम्पसवरच सापडेल. सिल्व्हर ओक हे झाड याच कुळातलं, त्याची प्रजात ग्रेव्हिलिया. हे नावही आधी नाइटच्या पुस्तकात छापलं गेलं. म्हणून त्याच्यामागे आज ब्राउन आणि नाइट अशी दोघांची नावं लावतात: कल्पना एकाची, छपाई दुसऱ्याची. दोनशे वर्षांपूर्वीचं भांडण एका तळटीपेएवढ्या जागेत मिटवलंय.

पण त्या तेरा पानांचं काय? लागवडीचं ज्ञान नाइटचं स्वतःचं होतं, त्यावर कुणी बोट ठेवलं नाही. तरीही पुस्तक लक्षात राहिलं ते दुसऱ्याच्या पानांमुळे. माळ्याचं ज्ञान हाताचं असतं. ते छापलं तरी इतिहासकार ते वाचत नाहीत, कारण आपण नावं आणि सिद्धांत शोधत असतो. मला ही बाब चोरीपेक्षा जास्त गंभीर वाटते.

या उपेक्षेची किंमत ऑस्ट्रेलियातही दिसते. तिथे वाराटा लोकप्रिय होता तो मुख्यतः रानातून तोडून आणलेला. तोडणी इतकी वाढली की न्यू साउथ वेल्सला १९२७ मध्ये रानफुलांच्या संरक्षणाचा कायदा करावा लागला. १९६२ मध्ये वाराटा त्या राज्याचं अधिकृत पुष्पचिन्ह झाला. कौतुक भरपूर झालं, पण बागेत लावलेली रोपं मरत. कारण जमिनीखाली होतं. या कुळातली बरीच झाडं बारीक मुळ्यांचे दाट झुबके तयार करतात. निकस मातीतला फॉस्फरस ओढून घ्यायची ती युक्ती आहे. हेलन पर्नेल यांनी १९६० मध्ये या मुळांचा सविस्तर अभ्यास मांडला आणि त्यांना 'प्रोटिऑइड मुळं' म्हटलं. अशा झाडाला प्रेमाने सुपरफॉस्फेट घातलं तर ते विषासारखं लागतं. पाणी साचलं तर फायटोफ्थोरा नावाचा रोगकारक जीव मुळं कुजवतो.

आज कापणीच्या फुलांसाठी वाराटा लावणारे शेतकरी निचऱ्याची जमीन निवडतात, फॉस्फरस कमी असलेलं खत देतात आणि फुलं लांब दांड्यासकट कापून झाडाची जोरदार छाटणी करतात. झाड ते सोसतं, कारण खोडाच्या तळाशी जमिनीलगत जाड गाठ असते. रानात वणव्यानंतर याच गाठीतून नवे कोंब फुटतात आणि साधारण दोन वर्षांनी फुलं येतात. शेतकऱ्याची कात्री एका अर्थी वणव्याचंच काम करते. बियांपासून लावलं तर पहिल्या फुलाला पाचेक वर्षं लागतात आणि रोपं एकसारखी निघत नाहीत. म्हणून निवडक वाणांची कलमं लावतात.

सिनॉप्सिस लिहिणाऱ्यांसाठी यातून तीन प्रश्न निघतात. तुमच्या विषयात 'शोध लागला' असं जिथे लिहिलंय, तिथे आधीपासून ते कुणाला ठाऊक होतं? वाचन आणि छपाई यांच्या तारखांमध्ये अंतर किती, आणि त्या अंतरात कोण कोण होतं? आणि तुमच्या साधनग्रंथातली 'तेरा पानं' कोणती, जी सगळे ओलांडून पुढे जातात?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सापडलं, तर बहुतेक वेळा प्रबंधाचा विषयही तिथेच सापडतो.