माळ्यावरचं रेडिओ केंद्र

आज गोष्ट अमेरिकेतल्या एका रेडिओची. १९२४ साली सेंट लुईस शहरात, लुथरन पंथाच्या धर्मशिक्षण विद्यालयाच्या माळ्यावर छोटं केंद्र सुरू झालं. प्राध्यापक वॉल्टर मायर यांनी त्यासाठी खटपट केली; विद्यार्थ्यांनी, तरुण मंडळांनी वर्गणी काढली. १९३० मध्ये त्यांचा ‘लुथरन अवर’ देशभर ऐकू येऊ लागला. पण काळ महामंदीचा. मोठ्या कंपनीच्या वाहिनीवरच्या वेळेचे पैसे परवडेनात, १९३१ मध्ये कार्यक्रम थांबला. १९३५ मध्ये तो परत आला आणि श्रोत्यांच्या छोट्या देणग्यांवर टिकला. मायर १९५० मध्ये वारले. कार्यक्रम आजही चालतो.

बचत गटातल्या आपल्याला हे वेगळं सांगायला नको. आपल्या गावच्या रेडिओचा खर्च कोण उचलतं, हे पुढच्या बैठकीत जरूर विचारा.