रोग्यांचे मंडळ

स्मरणिकेसाठी काही लिहा, असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. परंतु माझी धाकटी नणंद लग्नानंतर इंग्लंडात राहते. ती माहेरपणाला आली असता म्हणाली, "वहिनी, मी आमच्या दवाखान्याच्या मंडळावर आहे." मला वाटले, तिथे नोकरी लागली की काय! तेव्हा तिने खुलासा केला, की ते मंडळ रोग्यांचेच आहे. मला मोठे नवल वाटले आणि त्याची हकिगत मी समजून घेतली. तीच येथे सांगते.

वेल्समध्ये ट्रेडेगर हे कोळशाच्या खाणींचे गाव. तेथील कामगारांनी १८९० साली आपली औषधोपचार संस्था काढली. प्रत्येकाच्या पगारातून काही पेन्स कापले जात व त्यातून डॉक्टरांचा पगार आणि औषधपाणी भागे. डॉक्टर कोण नेमावयाचा, हे कामगारांची कमिटी ठरवी. याच गावचे अन्यूरिन बेव्हन. ते तेराव्या वर्षी खाणीत कामाला लागले, पुढे गावच्या रुग्णालयाच्या कमिटीवर बसले आणि शेवटी देशाचे आरोग्यमंत्री झाले. त्यांच्या कारकिर्दीत ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. गरीब असो की श्रीमंत, डॉक्टरकडे जाताना बटवा चाचपण्याची गरज उरली नाही.

हे काम फार थोर झाले. परंतु कमिटीत बसून कामगार जे विचारीत, ते विचारण्याची जागा आता राहिली नाही. डॉक्टर मिळाला, दवाखाना कसा चालावा, हे मात्र रोग्यास कोणी विचारीना.

ही उणीव प्रथम काही डॉक्टरांनाच जाणवली. ऑक्सफर्डजवळ बेरिन्सफील्ड नावाचे गाव आहे. महायुद्धातील विमानतळाच्या जागेवर ते वसले. युद्धानंतर बेघर कुटुंबे तेथील रिकाम्या बराकींत येऊन राहिली होती. घरे मागाहून बांधली गेली. तेथील डॉक्टर पीटर प्रिचर्ड यांनी १९७२ साली गावकऱ्यांना दवाखान्याच्या कारभाराच्या विचारात सामील करून घेतले. त्याच सुमारास वेल्समधील अ‍ॅबरडेअर येथे डॉक्टर अ‍ॅलिस्टर विल्सन यांनी व ब्रिस्टलला डॉक्टर टिम पेन यांनी असेच गट काढले. १९७८ साली या गटांची देशव्यापी संघटना झाली, आणि एप्रिल २०१५ पासून इंग्लंडात प्रत्येक सरकारी योजनेतील दवाखान्याला असा गट ठेवणे करारानेच बंधनकारक झाले.

कारभार आपल्या मंडळासारखाच. ठरावीक महिन्यांनी सभा, विषयपत्रिका, इतिवृत्त. डॉक्टर किंवा दवाखान्याचा व्यवस्थापक हजर असतो. फोन लागत नाही, वेळ मिळत नाही, जिना वृद्धांना चढवत नाही, असे सर्वांचे प्रश्न तेथे मांडावयाचे. स्वतःचे दुखणे किंवा एकट्याची तक्रार सभेत आणावयाची नाही. त्यासाठी निराळी वाट असते.

नणंदबाई पहिल्या दोन सभांत गप्पच बसल्या. तिसऱ्या सभेत धीर करून बोलल्या. इंग्रजी न येणाऱ्या आपल्याकडच्या म्हाताऱ्या बायका दुभाषा म्हणून शाळकरी नातवाला घेऊन येतात. बाईचे दुखणे त्या पोरापुढे कसे सांगणार? मग गुडघा दुखतो म्हणून सांगतात आणि खरे दुखणे तसेच घेऊन घरी जातात. डॉक्टरांना हे ठाऊकच नव्हते! तेव्हापासून अशा बायकांसाठी फोनवर दुभाषी बाई मिळू लागली.

सर्वच गोड आहे असे नाही. गटात बहुधा निवृत्त मंडळीच दिसतात. लेकुरवाळ्या बायकांना व नोकरदारांना सवड होत नाही. काही ठिकाणी गट कागदावरच राहतो.

आपल्याकडेही निराळ्या रीतीने असा प्रयत्न झाला आहे. महाराष्ट्रात २००७ साली अमरावती, नंदुरबार, पुणे, ठाणे व उस्मानाबाद (आताचे धाराशिव) या पाच जिल्ह्यांत सरकारी आरोग्यसेवेवर लोकांनी देखरेख ठेवण्याचे काम सुरू झाले. गावकरी जनसुनवाईत उभे राहून अधिकाऱ्यांना जाब विचारू लागले.

मला मात्र माझीच गोष्ट आठवते. एकदा सासूबाईंना घेऊन मी दवाखान्यात तीन तास बसले. बाकावर जागा नव्हती. त्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. घरी आल्यावर मी स्वयंपाकघरात भांडी आपटली, पण डॉक्टरांना शब्दाने विचारले नाही. कदाचित त्यांनाही ते ठाऊक नसेल.

आपल्या मंडळाने हळदीकुंकू, भिशी, सहली सर्व केले. येत्या वर्षी आपल्यापैकी चौघीजणींनी आपल्या डॉक्टरांकडे आजारी नसताना जावे, आणि बाकावर किती वेळ बसावे लागते ते गोडीने सांगावे, एवढीच माझी सूचना आहे. मी त्या चौघींत यायला तयार आहे.