दीपगृहाच्या रखवालदारांची नामावळी

कल्याण-भिवंडी इ. स. १६५७ त शिवछत्रपतींच्या ताब्यांत आली व कल्याणच्या खाडींत मराठी आरमाराचीं जहाजें बांधलीं जाऊं लागलीं, हें सर्वश्रुत आहे. पुढें १६७९ त खांदेरीवर तटबंदी सुरू झाली. त्या कामावरील मायनाक भंडाऱ्याचें नांव इंग्रजांच्या पत्रव्यवहारानें राखिलें. १८६७ त त्याच बेटावर दीपगृह उभें राहिलें. तेथें रात्रीमागून रात्र दिवा तेवत ठेवणाऱ्यांचीं नांवें शोधूं जातां मात्र निवृत्त मंडळींच्या स्मरणाकडे वळावें लागतें.

केवळ स्मरण हें प्रमाण नव्हे. सालें चुकतात, दोन माणसांचें एक होतें. परंतु आपण कामाचा ताबा कोणाकडून घेतला व कोणास दिला, हें सहसा विसरलें जात नाहीं. म्हणून आधीं साल न विचारतां हा क्रम विचारावा. दोघांच्या स्वतंत्र कथनांत दुवा जुळल्यास तो ग्राह्य धरावा; न जुळल्यास दोन्ही पाठ नोंदावे, आणि नेमणुकीचा वा निवृत्तिवेतनाचा कागद मिळाल्यास त्याशीं ताडून पाहावे. पोथ्यांचे पाठभेद लावणाऱ्यांस ही रीत नवी नाहीं. पोथी रुमालांत थांबते, साक्षीदार थांबत नाहीं; तरी कल्याण-ठाण्याच्या संग्राहकांनीं हें काम आधीं हातीं घ्यावें.