लिओनोवेन्स, अ‍ॅना

(नोव्हेंबर १८३१–१९ जानेवारी १९१५). सयामचा (आताचे थायलंड) राजा मोंगकुट याच्या राजवाड्यात १८६२ ते १८६७ या काळात इंग्रजी शिकवणारी शिक्षिका व लेखिका. जन्म अहमदनगरचा (आताचे अहिल्यानगर). वडील ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत सार्जंट; ते तिच्या जन्माआधीच वारले आणि आईने दुसरे लग्न केले. आजी बहुधा भारतीय वंशाची होती.

१८४९ च्या नाताळात पुण्यात टॉमस लिऑन ओवेन्स या कारकुनाशी तिचा विवाह झाला. पहिली दोन्ही मुले तान्हेपणीच दगावली. पोटासाठी हे जोडपे ऑस्ट्रेलियातील पर्थला गेले, तिथून सिंगापूर व पेनांगला. पेनांगमध्ये टॉमस एका हॉटेलाची व्यवस्था पाहत असे. मे १८५९ मध्ये तिथेच त्याचा मृत्यू झाला. सत्ताविसाव्या वर्षी अ‍ॅना विधवा झाली. पदरी एव्हिस आणि लुई ही दोन लहान मुले होती, मागे पैसा नव्हता. सिंगापुरात तिने शाळा काढली, पण त्यावर भागेना. अशा वेळी सयामचा तिथला वकील तान किम चिंग याच्यामार्फत राजवाड्यातून बोलावणे आले. एव्हिसला इंग्लंडला शिकायला धाडून, लुईला सोबत घेऊन ती बँकॉकला उतरली.

मोंगकुटचा संसार समजून घेतल्याशिवाय अ‍ॅनाचे तिथले दिवस कळत नाहीत. सत्तावीस वर्षे भिक्षू राहून तो १८५१ मध्ये गादीवर आला. त्याच्या ३९ राण्या व उपस्त्रिया आणि ८२ मुले होती असे सांगतात. सरदार घराणी निष्ठेची खूण म्हणून मुली राजवाड्यात देत. अंतःपुर म्हणजे एक बंदिस्त नगरच होते; पहारासुद्धा बायकांचाच. सोन क्लिन या मोन वंशाच्या उपस्त्रीवर राजाची गैरमर्जी होती, तिच्याशी अ‍ॅनाचा विशेष स्नेह जुळला. या बायकांची कोंडी अ‍ॅनाला असह्य वाटे आणि तिने ती कळकळीने मांडली. मात्र मुले नसलेल्या उपस्त्रियांना राजवाडा सोडून जाण्याची मोकळीक मोंगकुटनेच दिली होती, ही दुसरी बाजूही विसरता कामा नये. तिच्याआधी शिकवणाऱ्या मिशनरी बायका धर्मप्रचार करत. राजाला इंग्रजी हवे होते, ख्रिस्ती धर्म नको होता; म्हणूनच त्याने अ‍ॅनाला बोलावले. कबूल केलेले राजवाड्याबाहेरचे घर मिळावे म्हणूनही तिला त्याच्याशी झगडावे लागले.

तिची द इंग्लिश गव्हर्नेस ॲट द सायामीज कोर्ट (१८७०) व द रोमान्स ऑफ द हरेम (१८७३) ही पुस्तके गाजली. अंतःपुरातील क्रूर शिक्षांच्या त्यांतील काही कथा अभ्यासकांना अविश्वसनीय वाटतात. पुढे मार्गारेट लँडनची कादंबरी (१९४४) आणि त्यावरील द किंग अँड आय हे संगीतनाट्य (१९५१) यांनी राजा व विधवा शिक्षिका यांच्यात प्रेमाचा रंग भरला. त्याला आधार नाही. या कथेवरील चित्रपटांना थायलंडमध्ये बंदी झाली.

स्वतःबद्दल मात्र तिने वेगळेच सांगितले होते: जन्म वेल्समधला, पती लष्करी अधिकारी. खरे मूळ १९७० च्या दशकात डब्ल्यू. एस. ब्रिस्टो यांच्या संशोधनातून उजेडात आले. यासाठी तिला लबाड ठरवणे अन्यायाचे आहे. छावणीत वाढलेल्या, मिश्र वंशाच्या, निर्धन विधवेला त्या काळच्या गोऱ्या समाजात सभ्य शिक्षिका म्हणून कोणी उभे केले नसते.

पुढे ती कॅनडात स्थायिक झाली. हॅलिफॅक्समधील कलाशाळेच्या (१८८७) स्थापनेत तिचा पुढाकार होता. लुई मोठेपणी सयामला परतला आणि तिच्याच विद्यार्थ्याच्या, राजा चुलालोंगकोर्नच्या, घोडदळात अधिकारी झाला. नंतर सागवानाच्या व्यापारात त्याने जम बसवला. अ‍ॅनाचे निधन माँट्रिऑल येथे झाले.