अरुणाचा वादमित्र कोण?

जो स्वतः बोलू शकत नाही त्याच्या वतीने न्यायालयात उभा राहतो तो वादमित्र. अरुणा शानबाग प्रकरणात हा शब्दच वादाचा विषय झाला. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात झालेल्या अत्याचाराने या परिचारिकेची वाचा कायमची गेली. १९९८ साली तिच्यावर पुस्तक लिहिणाऱ्या पिंकी विराणी यांनी पुढे याचिका केली : तिला अन्न भरवणे थांबवावे, शांतपणे मरू द्यावे. रुग्णालयातल्या परिचारिकांचा अनुभव निराळा. आवडीचे मासे मिळाले की ती खुलते. ७ मार्च २०११ च्या निकालाने याचिका फेटाळली आणि वादमित्र ठरवले ते रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांना. आम्हांस हा निर्णय योग्यच वाटतो. जिव्हाळा मात्र दोन्हीकडे होता. नव्हती ती तिची स्वतःची इच्छा. पंचविशीतल्या मुलीला असे कोण विचारून ठेवतो? १८ मे २०१५ रोजी ती गेली. आपली इच्छा आगाऊ लिहून ठेवण्यास सर्वोच्च न्यायालयाने मान्यता दिली ती ९ मार्च २०१८ रोजी. त्यावर न्यायदंडाधिकाऱ्याची प्रतिस्वाक्षरी लागे. २०२३ पासून दोन साक्षीदार आणि नोटरी वा राजपत्रित अधिकारी पुरतो.